जीटीएक्स १०८० टीआय ठेवू की आरटीएक्स ए-२००० घेऊ? (सॉलिडवर्क्स, ब्लेंडर, थोडं एआय)

साचा_कोल्हापूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कास्टिंगच्या पॅटर्नची आणि डायची डिझाइनं करतो. शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या फाउंड्र्यांची कामं असतात. दिवसभर सॉलिडवर्क्स उघडं असतं, गिऱ्हाइकाला दाखवायला चित्रं लागली की ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनात रेंडर. धाकटा भाऊ कॉलेजात आहे, तो संध्याकाळी गेम खेळतो, आणि हल्ली घरच्या मशीनवर भाषा-मॉडेलं (चॅटबॉटच्या मागचं एआय) चालवून बघायचं त्याच्या डोक्यात आहे.

मशीनमध्ये आज एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे. ओळखीच्या विक्रेत्याकडे आरटीएक्स ए-२००० चं १२ जीबीवालं वापरलेलं कार्ड आलंय. दोघांचे आकडे शेजारी मांडले आणि माझा गोंधळ उडाला.

१०८० टीआय मार्च २०१७ चं. ३५८४ कुडा कोअर (गणित करणारे छोटे भाग), ११ जीबी जीडीडीआर५एक्स मेमरी, ३५२ बिटची बस, सेकंदाला ४८४ जीबी बँडविड्थ (मेमरीतून माहिती वाहण्याचा वेग), २५० वॉट. ए-२००० ऑगस्ट २०२१ मध्ये ६ जीबीत आलं, १२ जीबीचं त्याच वर्षाच्या अखेरीस. ३३२८ कोअर, १९२ बिटची बस, २८८ जीबी बँडविड्थ, ७० वॉट. सिंगल प्रिसिजनचा (बत्तीस बिटांच्या गणिताचा) कागदी वेग जुन्याचा ११.३ टेराफ्लॉप्स (सेकंदाला लाख कोटी गणितं म्हणजे एक), नव्याचा ८.

चार वर्षांनंतरचं कार्ड, वर 'वर्कस्टेशन'चा शिक्का, आणि कागदावर वेगाच्या प्रत्येक आकड्यात मागे. मग लोक ते घेतात कशासाठी? ज्यांनी दोन्ही वापरलीत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

एसएमपीएस_काका

सुरुवात विजेपासून करतो, कारण बाकीचे लोक ती शेवटाला ढकलतील.

१०८० टीआयला एक ८ पिनचा आणि एक ६ पिनचा कनेक्टर लागतो. म्हणजे बऱ्यापैकी एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा), मोठी कॅबिनेट, चांगली हवा. ए-२००० ला बाहेरून वायरच लागत नाही. सगळी वीज मदरबोर्डवरच्या पीसीआयई स्लॉटमधून घेतं, लांबी साधारण १६७ मिलिमीटर, उंची निम्मी. कंपन्यांनी काढून टाकलेली छोटी ऑफिस मशीनं बाजारात ढिगानं मिळतात, त्यात हे बसतं. १०८० टीआय त्यात बसवायचं म्हटलं तर कॅबिनेट कापावं लागेल.

एक सावधगिरी. स्लॉट ७५ वॉट देतो हे प्रमाण झालं, पण काही जुन्या ऑफिस मशीनांत उत्पादकानं त्याहून कमी मर्यादा घातलेली असते. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून आकडा बघा, मगच पैसे द्या.

आता बिल. फरक १८० वॉटचा. रोज आठ तास पूर्ण लोडवर, महिन्याला २५ दिवस धरलं तर ३६ युनिट. दहा रुपयांनी धरा, ३६० रुपये. पण तुम्ही दिवसभर रेंडर करत नाही, मॉडेल फिरवता. त्या कामात १०८० टीआयसुद्धा २५० वॉट ओढत नाही. तेव्हा फक्त बिलासाठी कार्ड बदलणं मला पटत नाही.

इन्व्हर्टर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. वीज गेल्यावर साध्या घरगुती इन्व्हर्टरवर ए-२००० चं मशीन काम पुरं करून देतं. १०८० टीआय रेंडरला लागलेलं असेल तर तोच इन्व्हर्टर ओव्हरलोडला जाऊ शकतो. तुमच्याकडे दुपारी वीज किती जाते?

---

साचा_कोल्हापूर

काका, पावसाळ्यात वरचेवर जाते. इन्व्हर्टर आहे, पण मशीन त्यावर टाकायची हिंमत केली नाही. हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता.

---

विटांची_रेषा

मी नाशिकला आर्किटेक्टकडे व्हिज्युअलायझेशन करते. १०८० टीआयवर बरीच वर्षं काढली, आता ए-२००० वर आहे. तेव्हा रेंडरचं मी सांगते.

कागदी टेराफ्लॉप्स बघून सायकल्सचा अंदाज बांधू नका. १०८० टीआय एनव्हिडियाच्या पास्कल पिढीचं. त्यात रे ट्रेसिंगचे (प्रकाशाचे किरण मोजायचे) वेगळे कोअर नाहीत, एआयच्या गणिताचे टेन्सर कोअर नाहीत. प्रकाशाचा किरण कुठल्या त्रिकोणावर आदळला हे शोधायचं काम तिथे साधेच कोअर करतात. ए-२००० अँपिअर पिढीचं, त्यात २६ रे ट्रेसिंग कोअर आणि १०४ टेन्सर कोअर आहेत. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑप्टिक्स (OptiX) हा पर्याय निवडला की किरणांचा शोध त्या खास कोअरवर जातो. अशा वेळी ७० वॉटचं कार्ड २५० वॉटच्या कार्डाच्या पुढे जातं. काचा, आरसे, घरातला उजेड अशा सीनमध्ये फरक लगेच जाणवतो.

व्ह्यूपोर्टमध्ये (काम करायच्या खिडकीत) डीनॉइज, म्हणजे चित्रातले दाणे साफ करणं, लावून काम करायचं सुख तर वेगळंच. दिवा इकडून तिकडे हलवला की चित्र पटकन साफ होतं. माझ्या रोजच्या कामात अंतिम रेंडरच्या वेळेपेक्षा याची किंमत मला जास्त वाटते, कारण खरा वेळ उजेड बसवण्यात जातो.

मेमरीचं म्हणाल तर ११ आणि १२ यात डावं-उजवं नाही. ६ जीबीचं ए-२००० मात्र अजिबात घेऊ नका. झाडं, गवत, मोठी टेक्स्चर्स आली की ते भरतं.

---

गिअरबॉक्स_भोसरी

रेंडर ठीक आहे ताई, पण धागाकर्त्याचं पोट सॉलिडवर्क्सवर आहे. तिकडे वळतो.

सगळ्यात आधी एक समजून घ्या: मॉडेल रीबिल्ड होण्याचा वेळ ग्राफिक्स कार्ड कमी करत नाही. फीचर ट्रीमध्ये वरचं एक स्केच बदललं आणि खालचे सगळे फिलेट, ड्राफ्ट, पॅटर्न पुन्हा मोजायला लागले, तर ते काम प्रोसेसरच्या एका कोअरवर चालतं. तिथे वाट बघावी लागत असेल तर दोन्हीपैकी कुठलंही कार्ड उपयोगाचं नाही. ते पैसे प्रोसेसरला घाला.

कार्डाचा संबंध येतो मॉडेल फिरवताना, झूम करताना, पारदर्शक भाग दाखवताना. आणि इथे खरा फरक सिलिकॉनपेक्षा ड्रायव्हरचा आहे. सॉलिडवर्क्स ओपनजीएलवर चालतं. जिफोर्सचा ड्रायव्हर गेमसाठी घोटलेला, तर ए-मालिकेचा ड्रायव्हर डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी तपासलेला. सॉलिडवर्क्सच्या साइटवर प्रमाणित कार्डांची यादी असते, आणि ती नुसती कार्डाची नसते, कार्ड आणि ड्रायव्हर आवृत्ती अशी जोडी असते. जिफोर्स त्या यादीत नाही, म्हणून तुमच्या १०८० टीआयवर रिअलव्ह्यूचं (मॉडेल खऱ्यासारखं दाखवायचं) बटण करडं पडलेलं असणार.

धागाकर्त्यांनी एक करून बघावं. नेहमीची सगळ्यात मोठी असेंब्ली उघडा, शेडेड विथ एजेस लावा, दोन-तीन भाग पारदर्शक करा आणि फिरवा. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स मेमरी किती भरते आणि प्रोसेसरचा एक कोअर शंभरला टेकतो का ते बघा. मग इथे लिहा. त्याशिवाय आपण सगळे हवेत बोलतोय.

---

पेंग्विनप्रेमी

दोन्ही कार्डांचं आयुष्य किती उरलंय याकडे कुणी वळलं नाही अजून, आणि माझ्या मते निर्णय तिथेच होतो.

एनव्हिडियानं पास्कल पिढीसाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा ठरवली आहे. विंडोजवर गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत, त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाहीला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. लिनक्सवर ५८० च्या पुढची शाखा टाकली तर १०८० टीआय ओळखलंच जात नाही. कार्डावर गणित करायचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर म्हणजे कुडा, त्याची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, त्यात मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तिन्ही पिढ्या वगळल्या. कुडा १२ वर सगळं चालतं, पण नवी लायब्ररी टाकायला गेलात की जुनं बिल्ड शोधत बसावं लागतं.

म्हणून कार्ड उद्या बंद पडेल असं नाही. आज जे सॉफ्टवेअर चालतंय ते चालत राहील. पण ज्याला दरवर्षी नवी आवृत्ती टाकावी लागते त्याची वाट अरुंद होत जाणार. अँपिअरला ही अडचण आज नाही.

दोन्ही कार्डं एकाच मशीनमध्ये लावायचा विचार कुणाच्या मनात येईल, त्यांच्यासाठी: ड्रायव्हर एकच असतो, त्यामुळे ए-२००० सुद्धा ५८० वर अडकेल. आणि ११ अधिक १२ म्हणजे २३ जीबी असा हिशेब सायकल्समध्ये होत नाही. सीन दोन्हीकडे वेगवेगळा भरला जातो.

---

म्युनिककर

मी इकडे सिम्युलेशनमध्ये काम करतो, त्यामुळे 'वर्कस्टेशन' शब्दाबद्दलचा एक गैरसमज दूर करतो.

पुष्कळांना वाटतं की वर्कस्टेशन कार्ड म्हणजे डबल प्रिसिजनमध्ये (चौसष्ट बिटांच्या गणितात) दणकट. तसं नाही. १०८० टीआयमध्ये डबल प्रिसिजनचा वेग सिंगलच्या १/३२ आहे, म्हणजे साधारण ३५० गिगाफ्लॉप्स. ए-२००० मध्ये तो १/६४ आहे, म्हणजे साधारण १२५. जुनं गेमिंग कार्ड इथे जवळपास तिप्पट वेगवान आहे! आणि दोन्ही आकडे गंभीर कामाला अपुरेच आहेत. पास्कलच्याच काळात क्वाड्रो जीपी१०० नावाचं कार्ड होतं, त्यात हे प्रमाण निम्मं होतं, ५ टेराफ्लॉप्सच्या वर. म्हणजे पिढीपेक्षा आणि शिक्क्यापेक्षा चिप कुठली हे बघायचं. साचादादा, तुम्ही मेटल कसं भरतं, कसं थिजतं याचं सिम्युलेशन करत असाल तर ते सॉफ्टवेअर कार्ड वापरतं का आणि कुठल्या प्रिसिजनमध्ये, हे आधी विचारा.

ए-२००० च्या मेमरीला ईसीसी (मेमरीतल्या चुका दुरुस्त करणारी सोय) आहे. चालू केलं तर थोडी मेमरी आणि थोडी बँडविड्थ जाते. रात्ररात्र चालणाऱ्या गणितासाठी मी ते चालू ठेवतो. सॉलिडवर्क्ससाठी त्याची गरज नाही.

---

अर्धा_बीट

धाकट्या भावाच्या भाषा-मॉडेलांबद्दल लिहितो, कारण हा भाग मला सगळ्यात रोचक वाटतो आणि इथे उत्तर सरळ नाही.

मॉडेल उत्तर देताना एकेक टोकन (शब्द किंवा शब्दाचा तुकडा) काढतं, आणि प्रत्येक टोकनासाठी मॉडेलचे सगळे आकडे मेमरीतून एकदा वाचावे लागतात. म्हणजे वेगाची वरची मर्यादा बँडविड्थ ठरवते. समजा आठ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांत दाबून ५ जीबीच्या आसपास बसलं. १०८० टीआयवर ४८४ भागिले ५, म्हणजे सेकंदाला ९७ टोकन ही कागदी कमाल. ए-२००० वर २८८ भागिले ५, ५८ टोकन. प्रत्यक्षात दोन्हीकडे यापेक्षा कमीच मिळतं, पण प्रमाण साधारण असंच राहतं. २०१७ चं कार्ड इथे आजही चांगलं आहे. लामा.सीपीपी हे मॉडेलं चालवायचं सॉफ्टवेअर पास्कलवर चालतं, कारण आठ बिटांच्या पूर्णांकांचा गुणाकार करणारी सूचना या चिपमध्ये आहे.

आता दुसरी बाजू. लांबलचक मजकूर आत दिला की तो आधी वाचून घ्यावा लागतो. ते काम बँडविड्थचं नाही, गणिताचं. तिथे टेन्सर कोअर कामाला येतात आणि ए-२००० पुढे जातं. पास्कलच्या या चिपमध्ये सोळा बिटांचं गणित सिंगल प्रिसिजनच्या १/६४ वेगानं चालतं. चित्रं तयार करणारी मॉडेलं सोळा बिटांसाठी लिहिलेली असतात, त्यांना १०८० टीआयवर बत्तीस बिटांत गणित करायला लावावं लागतं. बीफ्लोट१६ हा सोळा बिटांच्या आकड्यांचा प्रकार पास्कलमध्ये नाही, अँपिअरमध्ये आहे. फ्लॅश अटेन्शन २ (मॉडेलचं गणित वेगवान करणारी लायब्ररी) ला अँपिअर किंवा त्यापुढचं लागतं. छोट्या मॉडेलाला स्वतःच्या डेटावर शिकवायचं असेल तर ए-२००० शिवाय मार्ग नाही असंच मी म्हणेन. बहुतेक ट्यूटोरिअल पहिल्या ओळीपासून हे सगळं गृहीत धरतात.

नुसतं गप्पा मारून बघायचं तर जुनं कार्ड, शिकायचं तर नवं. धाकट्याला नेमकं काय करायचंय?

---

साचा_कोल्हापूर

त्याला विचारलं. म्हणाला, "शिकवायचंय, फाउंड्रीतल्या कास्टिंगच्या दोषांचे फोटो ओळखायला." हे ऐकून मला बरं वाटलं, ते त्याच्या प्रोजेक्टलाही चालेल.

गिअरबॉक्स साहेबांनी सांगितलेली तपासणी केली. माझ्या सर्वात मोठ्या असेंब्लीत ग्राफिक्स मेमरी अर्ध्यावरसुद्धा जात नाही. रीबिल्डला प्रोसेसरचा एक कोअर शंभरला टेकतो, बाकीचे शांत. फिरवताना पारदर्शक कोअर बॉक्स (वाळूचा गाभा बनवायचा साचा) आला की अडखळतं. रिअलव्ह्यू करडं आहे.

सिम्युलेशन मी करत नाही, फाउंड्रीवालेच त्यांच्याकडे करून घेतात.

---

गिअरबॉक्स_भोसरी

मग तुमचं दुखणं दोन ठिकाणी आहे. रीबिल्ड प्रोसेसरचं, पारदर्शक भाग ड्रायव्हरचा. दुसऱ्यावर ए-२००० हे औषध आहे. पहिल्यावर नाही, तेव्हा नवं कार्ड लावल्यावर 'सगळं वेगवान झालं' अशी अपेक्षा ठेवू नका.

---

रात्रीचा_खेळाडू

गेमची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहितो. साध्या रास्टर (रे ट्रेसिंग नसलेल्या) गेममध्ये १०८० टीआय ए-२००० च्या स्पष्ट पुढे आहे. कार्ड किती वर्षांनी नवं, असले हिशेब तिथे चालत नाहीत. कोअर जास्त, बँडविड्थ जास्त, वीज जास्त. ए-२००० ला डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र एआयनं मोठं करायची सोय) आहे, त्यानं थोडी भरपाई होते, आणि रे ट्रेसिंग सक्तीचं असलेले काही नवे गेम पास्कलवर सुरूच होत नाहीत. तरी ज्या मुलाच्या लायब्ररीत पाच-सात वर्षांपूर्वीचे गेम आहेत त्याचं १०८० टीआय काढून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

त्याला पॉवर लिमिट लावा. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर ७० टक्क्यांवर आणलात की २५० चे १७५ वॉट होतात, आणि वेग त्या प्रमाणात पडत नाही. पंख्यांचा आवाज कमी, खोली कमी तापते. शिवाय इतक्या वर्षांच्या कार्डाची थर्मल पेस्ट आणि पॅड एकदा बदलून घ्या. वाळलेले असतात.

---

विटांची_रेषा

आवाजावरून आठवलं. ए-२००० चा ब्लोअर पंखा छोटा आहे. लोडवर त्याचा बारीक सूर येतो. मोठ्या तीन पंख्यांच्या १०८० टीआयची सवय असेल तर हा वेगळा वाटेल. मला त्रास होत नाही, पण शांत खोलीत काम करणाऱ्यांनी आधी ऐकून घ्यावं.

---

दुसरी_बाजू_ठाणे

माझं मत सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. ए-२००० घेऊच नये.

पैसे थोडे वाढवता आले तर वापरलेलं आरटीएक्स ए-४००० बघा. एप्रिल २०२१ चं, ६१४४ कोअर, १६ जीबी, ४४८ जीबी बँडविड्थ, १९.२ टेराफ्लॉप्स, १४० वॉट, एकच ६ पिनचा कनेक्टर आणि जाडी एका स्लॉटची. १०८० टीआयची जागा खऱ्या अर्थानं घेणारं कार्ड हे आहे: बँडविड्थ जवळपास तेवढीच, मेमरी जास्त, ड्रायव्हर डिझाइनचा, गेमही चालतील. ए-२००० ची सगळी ताकद छोट्या कॅबिनेटमध्ये आहे. तुमच्याकडे मोठी कॅबिनेट आणि चांगला एसएमपीएस आधीच आहे, मग ७० वॉटच्या मर्यादेत स्वतःला का कोंडायचं?

किंवा नवंच घ्यायचं तर आरटीएक्स २००० एडा. फेब्रुवारी २०२४, १६ जीबी, तेच ७० वॉट, १२ टेराफ्लॉप्स. बँडविड्थ मात्र २२४ जीबी, म्हणजे ए-२००० पेक्षाही कमी. अर्धा_बीट यांचा हिशेब तिथे लावून बघा.

---

एसएमपीएस_काका

ए-४००० बद्दल सहमत. पण इन्व्हर्टरचा मुद्दा मी सोडणार नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक ड्रॉइंगसाठी फोनवर असताना मशीन चालू राहणं याला किंमत आहे.

---

साचा_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन-चार दिवस विचार केला.

ए-४००० चा भाव दोन ठिकाणी विचारला, माझ्या आवाक्यात बसत नाही. प्रोसेसर बदलायचाच आहे हे या धाग्यामुळे पक्कं झालं, तो पैसा तिकडे राखून ठेवतोय. म्हणून ए-२००० घेतो आणि डिझाइनच्या मशीनला लावतो, ते मशीन इन्व्हर्टरवर टाकतो. १०८० टीआय धाकट्याच्या मशीनमध्ये जाईल, पॉवर लिमिट लावून, ५८० च्या ड्रायव्हरवर. फोटोंचं मॉडेल शिकवायला तो रात्री माझ्या मशीनवर बसेल.

घेण्याआधी काय तपासू?

---

पेंग्विनप्रेमी

जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी खरंच १२ जीबी आहे ना ते बघा. ६ आणि १२ बाहेरून सारखीच दिसतात. क्रिप्टो मायनिंगचाही विचार करा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग संपलं, तोवर ए-२००० कमी विजेमुळे मायनर लोकांच्या आवडीचं होतं. वर्कस्टेशन कार्ड म्हणजे ऑफिसात जपून वापरलेलं असेल असं धरून चालू नका. विक्रेत्यासमोर अर्धा तास ब्लेंडरचा रेंडर लावा, तापमान आणि पंख्याचा आवाज दोन्हीकडे लक्ष ठेवा.

---

विटांची_रेषा

मागे चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय नाही. अडॅप्टर सोबत मिळतात का विचारा. आणि पट्टी! उंच आणि बुटकी अशा दोन ब्रॅकेट पट्ट्या असतात, वापरलेल्या मालात बरेचदा एकच येते.

---

साचा_कोल्हापूर

ताई, बरं झालं सांगितलंत. आत्ता फोन केला, बुटकीच आहे म्हणतो. माझी कॅबिनेट पूर्ण उंचीची आहे.

---

गिअरबॉक्स_भोसरी

त्यासाठी सौदा मोडू नका, भाव मात्र थोडा कमी करून मागा. पट्टी स्क्रूवर बसते. एक मिलिमीटरच्या पत्र्यात लेझर कटिंगवाला कापून देईल, वरचा काटकोन तेवढा नीट वाकवून घ्या. माझ्याकडे उंच पट्टी सुटी पडलेली आहे, उद्या व्हर्नियर लावून मापांचं ड्रॉइंग इथे टाकतो.